ओकच्या फळ्यांवरचे काळे डाग धुतले तरी परत येतात, तेव्हा

"भावजी, ते परत आलं हो." वहिनींचं हे वाक्य मी दोन वर्षांत तिसऱ्यांदा ऐकत होतो. पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. गॅरेजच्या भिंतीला लावलेल्या ओकच्या फळ्या, आणि खालच्या तीन ओळींवर दौत लवंडावी तसे निळसर काळे ओघळ.

मी इंग्लंडात, हेरफर्डशरमध्ये लाकडी बांधकामाच्या साइट सांभाळतो. इथे ओक मुबलक मिळतो. जुनी घरं, खळी, कोठारं सगळी ओकच्या सांगाड्याची, त्यामुळे नव्या घरालाही बाहेरून ओकची फळी ठोकण्याची हौस दांडगी. आणि ठोकून वर्ष होत नाही तोच पहिली तक्रार येते ती काळ्या डागांची. माणसं धुतात, डाग जातो, चार-सहा महिन्यांनी पुन्हा उगवतो. मग लाकूडच खराब निघालं म्हणून वखारवाल्याशी भांडण. भांडणाआधी हे वाचा. वहिनी आणि त्यांचे यजमान, म्हणजे डॉक्टर, यांच्या गॅरेजवर मी स्वतः दोनदा फसलो, तो सगळा किस्सा इथे आहे.

डाग नेमका कशाचा

विळीवर आवळा चिरला की फोड काळपट होते, केळफूल सोलताना बोटं आणि पातं दोन्ही काळी पडतात, तोच प्रकार. टॅनिन, म्हणजे झाडातलं तुरट द्रव्य, आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा रंग होणारच. ओकच्या गाभ्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं, शिवाय लाकूड आंबट. सामू (पीएच) साधारण साडेतीन ते चारच्या दरम्यान. म्हणजे लोखंड विरघळवायला आम्लही घरचंच आणि रंगायला टॅनिनही घरचंच.

आपल्याकडच्या वाचकाला ओक परका वाटतो, पण बाळगुटीतलं मायफळ आठवा. मायफळ म्हणजे ओकच्याच एका जातीच्या झाडावर बारीक गांधीलमाशीसारखा कीटक अंडी घालतो तेव्हा धरणारी गाठ. सहाणेवर उगाळून चाटवलेला तो तुरटपणा म्हणजे ओकचं टॅनिन. असल्याच गाठी कुटून, त्यात हिराकस घालून युरोपात शेकडो वर्षं शाई करत होते. आपल्याकडे गाठीच्या जागी हिरडा, हिराकस मात्र तोच. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर ओकच्या भिंतीवर काळा डाग दिसला म्हणजे तिथे शाई तयार झाली आहे. अर्धी शाई लाकडात आधीपासून आहे, ती कधी संपायची नाही. उरलेली अर्धी, म्हणजे लोखंड, बाहेरून कुठून तरी येतंय. ते कुठून येतंय हे शोधल्याशिवाय धुवायला घेतलं तर मी केलं तसंच होतं: पहिल्या वेळी अख्खी भिंत चकाचक केली, वहिनींच्या हातचे पोहे खाऊन घरी आलो, आणि ऑक्टोबरात पुन्हा फोन.

आधी थेंब टाकून बघा

सगळा काळेपणा लोखंडाचा नसतो. उन्हातली अतिनील किरणं लाकडाच्या पृष्ठभागातलं, धागे चिकटवून धरणारं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे राहिलेला धाग्यांचा थर करडा दिसतो. त्यात बारीक बुरशी बसली की सगळीकडे मिरपूड भुरभुरल्यासारखं दिसतं. हे वय आहे, आजार नव्हे. उत्तरेकडच्या भिंतीवर आणि वळचणीखाली ते वेगळ्या गतीने होतं, म्हणून भिंत दोन-तीन वर्षं चट्टेरी दिसते. त्याला हात लावू नका.

खात्रीसाठी दोन लहान बाटल्या घ्या. एकीत ऑक्झॅलिक ॲसिडचं पातळ पाणी, दुसरीत घरगुती ब्लीच. डागाच्या कडेला, नजरेत न येणाऱ्या जागी, एकमेकांपासून वीतभर अंतरावर एकेक थेंब. पाच-दहा मिनिटांत ऑक्झॅलिकच्या थेंबाखालचा निळा-काळा रंग विरला तर लोखंड. ब्लीचखाली उजळलं तर बुरशी. दोन्ही एकाच जागी टाकू नका आणि एकाच बादलीत तर मुळीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही थेंबांना दाद न देणारा गडदपणा असेल तर गवंडीकामाचे शिंतोडे आठवून बघा. सिमेंट आणि चुन्याच्या अल्कलीनेही ओक गडद होतो, तिथे लोखंड शोधत बसण्यात अर्थ नाही.

तपकिरी ओघळ हा आणखी वेगळा प्रकार, त्याच्याकडे नंतर येतो.

डागाचा आकार बोलतो

लोखंडाचा डाग ठरला की मग तो कुठे आणि कसा पडलाय ते बघायचं. डॉक्टरांच्या गॅरेजवर एकाच वेळी तीन प्रकार होते, हे मला पहिल्या भेटीत कळलं नाही. सगळं काळं ते एकच समजून बसलो.

पहिला प्रकार होता स्क्रूखाली लोंबणाऱ्या शेपट्यांचा. वर स्क्रूचं डोकं, खाली बोटभर ते वीतभर काळी रेघ, टोकाकडे निमुळती. हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त दिसणारा. साधा खिळा असेल तर प्रश्नच मिटला. जस्ताचा मुलामा असलेला असेल तरी ओकमधलं आम्ल मुलामा खातं, वर्ष-दोन वर्षांत आतलं लोखंड उघडं पडतं. म्हणून ओकला ए२ किंवा ए४ प्रतीचं स्टेनलेस स्टीलच लागतं. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात त्यालाच एसएस ३०४ आणि ३१६ म्हणतात.

गोम अशी की डॉक्टरांकडचे स्क्रू स्टेनलेसच होते. डबीवर तसं छापलेलं. पण शेपट्या फक्त पश्चिमेच्या भिंतीच्या वरच्या पाच ओळींत, बाकी भिंतीवर नाहीत. खिशातलं लोहचुंबक लावलं तर त्या पाच ओळींतले स्क्रू टपकन चिकटले, बाकीचे जेमतेम ओढल्यासारखे झाले. सामान संपल्यावर कामगाराने जवळच्या दुकानातून ४१० प्रतीचे, स्वतःच भोक पाडत जाणारे स्क्रू आणले होते. तेही स्टेनलेसच, पण कठीणपणासाठी बनवलेलं, गंजाला कच्चं, आणि ओकच्या आम्लात तर फारच कच्चं. चुंबकाची परीक्षा शंभर टक्के नाही, कारण ए२ चे स्क्रूही घडवताना किंचित चुंबकीय होतात. पण एकाच भिंतीवर काही घट्ट चिकटतात आणि काही नाही, असं दिसलं की समजायचं डबी बदलली आहे.

स्क्रू चांगले असूनही डोक्याभोवती टिकलीएवढं काळं वलय असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या बिटकडे बघा. साध्या पोलादाचं बिट घसरतं, खाचेत लोखंडाचा कण सोडून जातं, पहिल्याच पावसात तो फुलतो. हे वलय एकदा धुतलं की सहसा परत येत नाही, कारण कणही त्याबरोबर संपतो. ओकसाठी स्टेनलेसचं बिट वेगळं ठेवायचं, इतकंच.

दुसरा प्रकार गेटच्या बाजूला होता. कमरेच्या उंचीवर, हातभर रुंदीच्या पट्ट्यात, सुईने टोचल्यासारखे शेकडो काळे ठिपके. शेपटी नाही, ओघळ नाही. वहिनींना विचारलं, "इथे कुणी ग्राइंडर चालवला होता का?" त्या म्हणाल्या, "गेटवाला आला होता ना, बिजागरी कापायला." झालं. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते फळीत रुततात, दव पडलं की प्रत्येक कण आपापली शाई करतो. परांचीचे पाइप भिंतीशी घासले, फळ्यांचा गठ्ठा लोखंडी पट्टीने बांधलेला आला, तारेच्या ब्रशने लाकूड घासलं किंवा स्टीलवूल फिरवलं, तरी परिणाम हाच. गेटवाल्याला बोलण्यात अर्थ नव्हता. त्याला ओक काय ठाऊक! कापणी सुरू व्हायच्या आधी ताडपत्री टांगायला हवी होती, आणि ते साइटवाल्याचं, म्हणजे माझं काम.

स्क्रू बदलले, ठिपके धुतले, खालचे ओघळही धुतले. भिंत छान दिसायला लागली. मी मनात म्हटलं, संपलं.

परत येणारा डाग

पुढच्या मे महिन्यात तो फोन आला. ह्या वेळी मी बादली-ब्रश गाडीतच ठेवला आणि तासभर नुसता बघत उभा राहिलो. वरच्या ओळी स्वच्छ. गेटजवळ स्वच्छ. काळं होतं ते फक्त बागेच्या बाजूला, खालच्या तीन फळ्यांवर, आणि उंचीप्रमाणे विरळ होत गेलेलं. हा तो तिसरा प्रकार. शेपट्या वरून खाली येतात. इथे रंग खालून वर चढलेला होता. म्हणजे शिंतोडे. पाऊस जमिनीवर आपटून भिंतीवर उडत होता आणि जाताना जमिनीतून लोखंड घेऊन जात होता.

जमिनीत लोखंड कुठून? भिंतीलगतच्या फरशीवर वाकून पाहिलं. वाळूचा दगड, आणि त्यावर राईएवढे नारिंगी ठिपके, जणू हळदीत बुडवलेली सुई टोचत गेलंय. हिरवळीत शेवाळ होतं आणि ते जळाल्यासारखं काळं पडलेलं.

"डॉक्टरसाहेब, हिरवळीला काय टाकता?"

"काही नाही, शेवाळाचं औषध. वसंतात एकदा आणि थंडीआधी एकदा. सगळेच टाकतात."

शेडमधून पिशवी आणली. घटकांच्या यादीत पहिलंच नाव: फेरस सल्फेट. म्हणजे हिराकस! वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या माहेरी आजोबा हिरडा आणि हिराकस घालून वह्यांसाठी शाई करायचे, हे त्यांना लख्ख आठवत होतं. त्या नुसत्या डॉक्टरांकडे बघत राहिल्या. वर्षातून दोनदा, न चुकता, डॉक्टर आपल्याच भिंतीला शाई पुरवत होते.

इंग्लंडातल्या पावसाळी हवेत हिरवळीत शेवाळ फार धरतं आणि त्यावर हिराकस हा इथला घरगुती उपाय आहे. कुठल्याही बागसामानाच्या दुकानात मिळतो, कधी वाळूत मिसळून, कधी खताच्या दाण्यांत, कधी द्रवरूपात. ओकच्या भिंतीचा डाग एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरलाच उगवत असेल तर आधी शेड उघडा, मग शिडी लावा. एक खूण आणखी: फवारल्या दिवशी काही दिसत नाही. ताजं मिश्रण फिकट असतं, हवा लागून काळं होत जातं. त्यामुळे माणसाच्या डोक्यात खत आणि डाग यांची सांगड बसत नाही.

ह्याच जातीचे आणखी दोन-तीन छुपे पुरवठे मी पाहिले आहेत. फळ्यांच्या मागच्या पोकळीत उंदीर-किडे शिरू नयेत म्हणून तळाला लावलेली जाळी साध्या पोलादाची असेल तर शेवटच्या फळीच्या खालच्या कडेला सलग काळी किनार येते. पन्हळीचा गंजलेला ब्रॅकेट असेल तर त्याच्या बरोबर खाली एकच जाड ओघळ. आणि एका ठिकाणी तर भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी बिडाची शेगडी, घरमालकाने शोभेसाठी ठेवलेली. शोभा चांगलीच झाली.

उपाय जमिनीवरच

डॉक्टरांच्या बागेत दुसरं एक दुखणं सापडलं. फळ्या बसवल्या तेव्हा तळाची फळी जमिनीपासून २०० मिमी वर होती, हे मी स्वतः मोजलं होतं. नंतर वहिनींनी गुलाबांसाठी वाफा केला, माती चढत गेली, आणि आता टेप लावला तर जेमतेम ९० मिमी. १५० च्या खाली कधीच जाऊ नये, २०० असेल तर उत्तम, हा इथला नियम उगीच नाही. आपटलेल्या पावसाचा सगळ्यात घाण, सगळ्यात ओला भाग त्याच उंचीत असतो.

एसेक्समध्ये ग्रीनस्टेडला एक छोटं चर्च आहे. त्याची भिंत म्हणजे ओकचे उभे चिरलेले ओंडके, एकाला एक लावून. वृक्षवलयांवरून ते लाकूड इ. स. १०५३ नंतर तोडलेलं ठरतं. म्हणजे साडेनऊशे वर्षांच्या आसपास ते ओंडके उघड्यावर उभे आहेत, वर ना रंग ना तेल. पण त्यांचेही जमिनीकडचे बुडखे कुजले. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करताना ते कापून टाकले आणि ओंडके विटांच्या जोत्यावर उभे केले. ओकचं सगळं शास्त्र तिथे उभं राहून बघायला मिळतं: भिंत टिकते, जमिनीजवळची वीतभर जागा टिकत नाही.

आम्ही माती उतरवली, भिंतीलगत ३०० मिमी रुंद चर खणून त्यात जाड गोटे भरले. गोट्यांवर पडलेलं पाणी तिथेच फुटतं, उंच उडत नाही. गुलाब सरकले. हिराकस बंद करणं डॉक्टरांना जड गेलं. शेवटी तडजोड झाली ती अशी की भिंतीपासून दोन मीटरच्या पट्ट्यात दंताळ्याने शेवाळ ओढून काढायचं आणि पलीकडे काय टाकायचं ते टाकायचं, वारा नसलेल्या दिवशी.

धुण्याची पद्धत

पुरवठा बंद झाल्यावरच ही पायरी. ऑक्झॅलिक ॲसिडचे पांढरे स्फटिक मिळतात. मुंबई-पुण्याकडे मोझॅक आणि संगमरवराला पॉलिश करणारे हेच वापरतात, त्यामुळे शोधायला लांब जावं लागत नाही. एक लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम पुरे. प्लास्टिकची बादली, नायलॉनचा ब्रश. लोखंडी काहीही नको, बादलीची कडीसुद्धा. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण हे पोटात गेलं तर विष आहे आणि स्फटिकांची धूळ नाकाला झोंबते. लहान मुलं आणि कुत्री घरात.

ढगाळ दिवस निवडा. आधी साध्या पाण्याने फळी पूर्ण भिजवा, नाहीतर कोरडं लाकूड ॲसिड आत ओढून घेतं आणि कडा उमटतात. नुसत्या डागापुरतं लावू नका, अख्खी फळी सांध्यापासून सांध्यापर्यंत ओली करा. मग थांबा. पहिली दोन मिनिटं काही होत नाही, आणि मग निळा रंग कडेकडून आत मिटत जातो, ओल्या पाटीवरचं खडूचं अक्षर जावं तसा. दहा ते वीस मिनिटं, पण वाळू द्यायचं नाही. मग भरपूर पाणी. जिथे नळाचं पाणी जड आहे तिथे शेवटचं धुणं पावसाच्या साठवलेल्या पाण्याने करावं, कारण पाण्यातल्या कॅल्शियमशी जमून पांढरी साय बसते, ती न विरघळणारी. (अळू खाजतं ते ह्याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे.) खाली चुनखडीची किंवा संगमरवराची फरशी असेल तर आधी प्लास्टिक अंथरा, साचून राहिलेलं ॲसिड तिची चमक खातं.

धुतलेला भाग शेजारच्या करड्या फळ्यांपेक्षा उजळ दिसतो आणि गिऱ्हाईक घाबरतं. काही महिने थांबायला सांगा. ऊन-पाऊस त्याला पुन्हा रांगेत आणतात.

गंजका स्क्रू काढल्यावर भोकाच्या आतली शाई खोलवर असते. कापसाचा बोळा ॲसिडमध्ये भिजवून आत फिरवा, धुवा, पुन्हा एकदा करा. मग नवा स्क्रू लावायचा तो ए४ चा. फळीतलं भोक स्क्रूच्या दांड्यापेक्षा दोन मिमी मोठं, डोक्याखाली वॉशर, आणि लांबी फळीच्या जाडीच्या अडीच पट. भोक मोठं का, ते पुढे.

ह्याच भिंतीवरच्या बाकीच्या तक्रारी

चिरा आणि फटी: इथे पुष्कळ जण ताजा, ओला ओक लावतात, कारण तो स्वस्त आणि कापायला मऊ. सुकताना त्याची १५० मिमी रुंदीची फळी साधारण सात-आठ मिमी आकसते. दोन्ही कडांना घट्ट स्क्रू मारले तर फळी बिचारी आकसणार कुठे? मधोमध चिरते. मोठं भोक आणि वॉशर तिला सरकायला जागा देतात. एकीवर एक चढणाऱ्या, एका कडेला पातळ अशा फळ्या असतील तर स्क्रूची एकच ओळ हवी, तीही खालच्या फळीच्या माथ्याला न छेदणारी. १५० पेक्षा रुंद फळी मी घेत नाही. एखाद्या आर्किटेक्टला २०० ची हवी असते, दिसायला भारदस्त म्हणून. त्याला म्हणावं, वाटीसारख्या वळलेल्या फळ्या बघायला ये दोन वर्षांनी. आणि मागे निदान २५ मिमी हवेची पोकळी, खालून-वरून उघडी. ती नसेल तर फळीची पाठ ओली आणि तोंड कोरडं, वळेल नाहीतर काय करेल.

तपकिरी ओघळ: पहिल्या एक-दोन वर्षांत पावसाबरोबर टॅनिन वाहून खाली येतं आणि पांढऱ्या गिलाव्यावर चहा सांडल्यासारखं दिसतं. ह्यात लोखंड नाही, हा लाकडाचा स्वतःचा रस. तो ओसरतो. मात्र ओकच्या खाली थेट पांढरा गिलावा किंवा उजळ दगड येणारच असेल तर तळाच्या फळीखाली पागोळी भिंतीपासून लांब पडेल अशी पट्टी आधीच काढायला हवी. शिशाचा पत्रा तर ओकच्या खाली नकोच. ओकमधून निघणारं ॲसेटिक ॲसिड शिशाला पांढरं करून खातं. संग्रहालयांत ओकच्या कपाटात ठेवलेल्या शिशाच्या वस्तू ह्याच कारणाने भुगा झाल्या आहेत.

तेल लावू का? हा प्रश्न दर आठवड्याला येतो. माझं मत, नको. जवसाचं तेल तर बुरशीला जेवण आहे. व्हार्निश ओल्या ओकवर धरत नाही, पापुद्रे सुटतात. आणि डागावरून तेल लावलंत तर लोखंड खाली कोंडलं जातं, ऑक्झॅलिकही पोचत नाही.

पुण्या-लोणावळ्याहून येणाऱ्या फोनबद्दल

ओकची फॅशन आता सह्याद्रीच्या बंगल्यांवर पोचली आहे आणि तिथले डाग इथल्यापेक्षा भयंकर असतात. कारण बहुतेक वेळा फ्रेम. आपल्याकडे क्लॅडिंग, म्हणजे भिंतीवर बाहेरून फळ्या, म्हटलं की फॅब्रिकेटर एमएसचा (साध्या पोलादाचा) अँगल वेल्डिंग करतो, वर रेड ऑक्साइड मारतो आणि त्यावर फळ्या कसतो. वेल्डिंगच्या ठिणग्या, भोकाजवळ खरवडलेला रंग, मागे अखंड लोखंड, आणि वर चार महिन्यांचा पाऊस. पाठीमागून शाई झिरपत फळीच्या सांध्यातून बाहेर येते. धुऊन उपयोग नाही, फळ्या उतरवून फ्रेम बदलावी लागते: ॲल्युमिनियमचे सेक्शन, नाहीतर प्रक्रिया केलेल्या लाकडी पट्ट्या. समुद्राजवळ स्क्रू ३१६ चेच.

दुसरं, वखारीत 'ओक' म्हणून जे मिळतं तो पांढरा ओक आहे की अमेरिकेचा तांबडा, हे बघून घ्या. तांबड्याच्या लाकडातल्या बारीक नळ्या मोकळ्या असतात, पाणी सरळ आत जातं, बाहेर तो टिकत नाही. पांढऱ्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून तर त्याची पिंपं होतात. वीतभर लांबीचा तुकडा घ्या, एक टोक ग्लासभर पाण्यात बुडवा, दुसऱ्या टोकातून जोरात फुंका. बुडबुडे आले तर तांबडा, परत करा. पांढऱ्यातही कडेचा फिकट भाग नको, टिकाऊपणा सगळा गाभ्यात आहे.

आणि खरं सांगायचं तर दारात सागवान असताना लोणावळ्याला ओक का, हे मला कळलेलं नाही. पण फोन करणाऱ्याने फळ्या आधीच आणलेल्या असतात.

डॉक्टरांच्या भिंतीला आता दोन शरद ऋतू झाले. खालच्या तीन फळ्या वरच्यांइतक्याच करड्या आहेत. गेटजवळ चार-पाच ठिपके तेवढे खोल गेले होते, ते निघाले नाहीत. गोट्यांच्या चरात मात्र शेवाळ धरायला लागलंय, आणि त्यावर काय टाकायचं, असं डॉक्टरांनी परवाच विचारलं. वहिनींनी मागून फोन काढून घेतला.